माझ्या पश्चात कोणते काडतूस वापरावे

मी, टाउनो एइनार हापाला, वय ७९, पूर्वीचा धंदा लाकूडतोड आणि करवतींची दुरुस्ती, राहणार कोइवू फाटा, अप्पर मिशिगन, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलावर, सकाळची कॉफी घेऊन झाल्यावर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी जे सांगितले ते हृदयाबद्दल सांगितले, डोक्याबद्दल नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मुलगी मार्लीन रोज फोन करून "बाबा, लिहिलंत का?" असे विचारते, ते मी दडपणात धरत नाही. २००९ साली कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

खरे सांगायचे तर घरदार, भांडीकुंडी यांच्यासाठी मी कागद काळे केले नसते. माझा धाकटा भाऊ ओन्नी गेली छत्तीस वर्षे आमच्या शिकारीच्या कॅम्पवर आलेला नाही. मी जिवंत असेपर्यंत त्याला आणणे जमले नाही. मेल्यावर तरी जमावे म्हणून हा खटाटोप आहे.

कलम १. राहते घर मार्लीनला. अट एकच, सौनाची, म्हणजे आमच्या घामाच्या न्हाणीघराची, भट्टी लाकडावरचीच राहील. जावई क्रेग हा मोठ्या पुलाच्या दक्षिणेकडचा, म्हणजे खालच्या मिशिगनचा माणूस आहे. तिकडे सौना विजेवर तापवतात आणि वर घाम आला म्हणून एकमेकांचे अभिनंदन करतात.

कलम २. करवतींना धार लावायच्या कानशी, एकूण चौदा, क्रेगला. कानस कोणत्या टोकाला धरायची हे त्याला कळेपर्यंत मार्लीनने त्या कुलपात ठेवाव्यात.

कलम ३. माझी रायफल, थर्टी-ऑट-सिक्सची, हीसुद्धा मार्लीनला. या ठिकाणी काडतुसाविषयी चार शब्द लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो, कारण मी गेल्यावर ते लिहिणारे कोणी उरणार नाही आणि लोक दुकानात जाऊन वाटेल ते उचलतील.

थर्टी-ऑट-सिक्स हे काडतूस १९०६ साली निघाले. त्यानंतर हरणात काहीही सुधारणा झालेली नाही. तेच चार पाय, तेच कान, तीच भित्री शेपटी. मग काडतुसात सुधारणा कशाला? पण कारखान्यांना पोट आहे. दर दोन वर्षांनी ते नवीन काडतूस काढतात आणि मासिकात छापतात की हे सातशे यार्डांवर हरीण पाडते. आमच्या देवदारांच्या दलदलीत सातशे यार्डांवर स्वतःचा ट्रकसुद्धा दिसत नाही. १९५२ साली थ्री-ओ-एट आले. ते थर्टी-ऑट-सिक्ससारखेच, फक्त अर्ध्या इंचाने आखूड. सुतार फळी आखूड कापतो तेव्हा त्याला आपण चूक म्हणतो. इथे मात्र त्याला प्रगती म्हणाले, आणि माझा भाऊ ओन्नी ती प्रगती विकत घेऊन कॅम्पवर आला. याबद्दल मी त्याला वीस वर्षे बोललो. माझ्या मते ते योग्यच होते. पुढचे वाचावे.

कलम ४. क्रेगकडे जे मॅग्नम काडतूस आहे, ते अस्वल, रानगवा आणि मला वाटते रेल्वेचे इंजिन यांसाठी बनवलेले आहे. पहिला बार उडवला तेव्हा बंदुकीवरच्या दुर्बिणीची कड त्याच्या भुवईवर बसली. हरीण शांतपणे चालत गेले आणि क्रेगला पाच टाके पडले. "धक्का जरा जास्त आहे, पण काडतूस भरवशाचं आहे," असे तो टाके घालून घेताना म्हणाला. त्याला माझी खांद्याला बांधायची जाड गादी द्यावी आणि उरलेल्यापासून त्याची भुवई देवाने सांभाळावी.

कलम ५. मार्लीन स्वतः सिक्स पॉइंट फाइव्ह वापरते. ते एवढेसे काडतूस आहे. मी तिला सांगितले, "पोरी, याने हरणाला फार तर शिंक येईल." तिने गेली नऊ वर्षे दर वर्षी एक हरीण पाडले आहे, तेही एकेका गोळीत. हे नऊही अपघात होते असे माझे मत आहे आणि ते बदलण्याची मला इच्छा नाही.

कलम ६. कॅम्पच्या भिंतीवर शर्टांची शेपटे खिळलेली आहेत. आमच्याकडे ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचे मागचे शेपूट त्याच संध्याकाळी कापतात, वर नाव आणि साल लिहून भिंतीला ठोकतात. अशी एकोणतीस शेपटे तिथे आहेत. त्यांतली अकरा क्रेगची आहेत. माझे एकही नाही. ही शेपटे कोणी काढू नयेत.

त्यांच्या मधोमध बारा टोकांच्या शिंगांचे नराचे मुंडके आहे. खाली पितळी पट्टी आहे: "टा. हापाला, १५ नोव्हेंबर १९८८, थर्टी-ऑट-सिक्स." ही पट्टी खोटी आहे.

कलम ७. आता जे लिहितो ते मी कोणापाशी बोललेलो नाही. माझी बायको सिल्विया हिच्यापाशीसुद्धा नाही, आणि ती चव्वेचाळीस वर्षे माझ्या बोलण्यातून सुटली नव्हती.

१९८८ च्या मोसमाच्या पहिल्या पहाटे पाच वाजता कॅम्पच्या टेबलावर दोन पेट्या होत्या. दोन्ही एकाच कारखान्याच्या, एकाच पिवळ्या रंगाच्या. कंदिलाची काच काजळलेली होती आणि चष्मा लावणे मला तेव्हा अपमानाचे वाटे. मी एका पेटीतून पाच काडतुसे घेतली आणि झाडावरच्या माझ्या मचाणावर जाऊन बसलो. सात वाजता तो नर एक्केचाळीस पावलांवर येऊन उभा राहिला. मी बार काढला आणि तो जागच्या जागी पडला. रिकामे काडतूस बाहेर पडले ते पाहिले, तर त्याची मान फुगून सरळ नळी झाली होती. बुडावर आकडा होता ३०८, म्हणजे थ्री-ओ-एट. मी ओन्नीच्या पेटीत हात घातला होता. आखूड काडतूस माझ्या बंदुकीच्या लांब घरात कसेबसे बसले होते आणि देवाच्या दयेने बंदुकीचे काही बिघडले नव्हते.

मी ते उचलून खिशात टाकले. तेव्हाच सांगायला हवे होते. सगळे हसले असते, मीही हसलो असतो, दुसऱ्या दिवशी विषय संपला असता. पण माझ्या वीस वर्षांच्या व्याख्यानांचे काय, हा विचार आड आला.

संध्याकाळी, सगळी मंडळी पास्टी, म्हणजे मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, खात बसलेली असताना ओन्नी म्हणाला, "टाउनो, माझ्या पेटीतली पाच काडतुसं कमी आहेत. चुकून तू घेतलीस का?" साधेपणाने विचारले होते त्याने. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला मोजता येत नाही. आईने तुला शाळेत घातलं तो वेळ वाया गेला. दुसऱ्याच्या हरणावर हक्क सांगायचा असेल तर सरळ सांग." सगळे हसले. ओन्नी उठला. त्याने पेटी, रायफल आणि पांघरूण गोळा केले, स्टोव्हमध्ये एक ओंडका सारला आणि निघून गेला. त्यानंतर आम्ही दोन अंत्यविधींना आणि एका लग्नाला भेटलो. हवेबद्दल बोललो.

मी खोटा होतो आणि तो खरा होता. हे मी लिहून देतो.

सबब (अ) ती पाच काडतुसे, चार भरलेली आणि एक उडवलेले, माझ्या तंबाखूच्या डब्यात आहेत. ती ओन्नीला द्यावीत. (आ) कॅम्प, म्हणजे चाळीस एकर देवदार आणि त्यातली दोन खणांची लाकडी खोपी, ओन्नीला द्यावी. अट अशी की दर पंधरा नोव्हेंबरला त्याने तिथे हजर असावे. (इ) तिथे त्याने थर्टी-ऑट-सिक्स वापरावे. <s>ही अट मोडल्यास कॅम्प क्रेगला जाईल.</s> शेवटचे वाक्य मी स्वतः खोडले आहे. तितका मी दुष्ट नाही.

कलम ८. हे कलम मी वकीलबाई डोरीन पाकेट यांच्या कचेरीत, आज चौदा तारखेला दुपारी वाढवत आहे. त्याचे कारण असे.

बाईंनी वरचे सगळे वाचले आणि चष्मा काढून विचारले, "मिस्टर हापाला, तुमचा भाऊ जिवंत आहे ना?"

"आहे. अकरा मैलांवर."

"आणि तुम्हीही आहात. मग हे त्याला तोंडाने का सांगत नाही?"

"मृत्युपत्र कशासाठी असतं, बाई? तोंडाने सांगायचं असतं तर तुमची गरज काय होती?"

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. दोन साक्षीदार लागतात, त्यातली एक मी, दुसरा शोधू या, म्हणाल्या. आता चौदा नोव्हेंबरला आमच्या गावात साक्षीदार शोधणे म्हणजे काय हे इथल्या माणसालाच कळेल. उद्या मोसम सुरू. शाळेला सुट्टी. बाईंचा कारकून कॅम्पवर, न्हावी कॅम्पवर, पाद्री कॅम्पवर. बाई खाली गेल्या आणि समोरच्या बेकरीतून एका माणसाला घेऊन आल्या. छत्तीस वर्षे चौदा नोव्हेंबरला कॅम्पवर न जाता गावात येऊन बसणारा एकच पुरुष आहे. बेकरीत दोन बायकाही बसलेल्या होत्या, हे मला नंतर खिडकीतून दिसले. बाईंनी हे मुद्दाम केले असा माझा दाट संशय आहे.

ओन्नी खुर्चीत बसला. "न वाचता मी कशावर सही करत नाही," म्हणाला. साक्षीदाराला वाचायची गरज नसते, हे मी त्याला सांगितले. बाईंनी कागद त्याच्यापुढे सरकवले.

"कितव्या कलमावर आहेस?" थोड्या वेळाने मी विचारले.

"सातव्या. गप बस, वाचतोय."

त्याने ते दोनदा वाचले. मग वर न बघता म्हणाला, "मान फुगली होती?"

"नळी झाली होती."

"गाढवा, बंदूक फुटली असती तर? तोंड गेलं असतं तुझं."

मला वाटले होते तो आधी मला खोटारडा म्हणेल. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"एक्केचाळीस पावलांवर पडला ना?" ओन्नी म्हणाला. "म्हणजे थ्री-ओ-एट पुरलं."

"एक्केचाळीस पावलांवर गलोलसुद्धा पुरते."

"पुरलं की नाही?"

"पुरलं."

"मग तसं लिही. तुझ्या अक्षरात."

तेव्हा मी, टाउनो हापाला, शुद्धीवर असताना लिहून देतो की थ्री-ओ-एट हे काडतूस हरणाला पुरते. कलम ७ (इ) रद्द. कलम ३ मधला सुताराचा दाखला मात्र कायम आहे.

यानंतर बाईंनी कायदा सांगितला. ओन्नीने साक्षीदार म्हणून सही केली तर या कागदाखाली त्याने काही घेऊ नये, नाहीतर पुढे कोर्टात तंटा लागतो. ना कॅम्प, ना काडतुसे. हवे तर दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत आठवडाभर थांबू.

"काडतुसं तर आत्ता देऊ शकतात ना? हातात?" ओन्नीने विचारले.

"हातात काहीही देता येतं," बाई म्हणाल्या.

डबा माझ्या कोटातच होता. मी तो टेबलावरून पुढे केला. ओन्नीने पाचही काडतुसे एकेक करून बाहेर काढली, उडवलेले तेवढे उजेडात धरून पाहिले आणि सगळी खिशात टाकली. मला फार हलके वाटले आणि थोडी लाजही वाटली.

"पेन कुठंय?" तो म्हणाला.

"ओन्नी, कॅम्प जाईल तुझ्या हातचा."

"तू मेल्यावर मी तिथे कोणाशी भांडू? पेन दे."

सबब कॅम्प मार्लीनला. क्रेगने तिथे यावे, पण स्टोव्हपुढच्या बाकावर बसू नये.

लिहून ठेवणार: टाउनो एइनार हापाला (सही)

स्थळ: वकील पाकेट यांची कचेरी, कोइवू फाटा. तारीख: १४ नोव्हेंबर २०२४.

साक्षीदार पहिली: डोरीन पाकेट, वकील. दोघा भावांनी माझ्यासमोर सह्या केल्या. दोघेही शुद्धीवर होते. आवाज चढले होते, पण ते नेहमीचे असावेत असे वाटले. (सही)

साक्षीदार दुसरा: मी ओन्नी हापाला, वय ७६. टाउनोने माझ्यादेखत सही केली. अक्षर वेडेवाकडे आहे, पण सही त्याचीच आहे. मला कॅम्प मिळणार नाही हे समजून मी सही करत आहे. आता अडीच वाजले आहेत. माझ्या घरून रायफल उचलून आम्ही दोघे परस्पर तिकडेच निघतो. वकीलबाईंनी परवान्याचे विचारले म्हणून लिहितो की या सालचा हरणाचा परवाना माझ्या पाकिटात आहे. तो मी दर वर्षी काढतो. (सही)