ताक घेतलं, नोटीस नाकारली

चामराजपेट, बंगळूर
सप्टेंबर १९६१

ती. सौ. सत्यवती आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (टपालाने जेवढं ठेवता येतं तेवढं). तुझा गुडघा, आतोबांचा खोकला आणि धारवाडचा पाऊस आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालतो. इकडे सगळे खुशाल असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो: खुशाल. आता खरं काय ते लिहितो.

वैशाखात अहल्येच्या लग्नाला तू इथे येऊन राहिलीस, ते तुला माहेरपण वाटलं असेल. सरकारदरबारी तू लॉजमध्ये उतरली होतीस. त्या आठवड्यात घरपट्टीच्या कचेरीतला कुणी निरीक्षक आपल्या रस्त्याने गेला. (घरपट्टीला इथे कंदाय म्हणतात. नाव कुठलंही घ्या, खिसा सारखाच रिकामा होतो.) गच्चीवर वाळणारी लुगडी, ओसरीवर गुंडाळून ठेवलेल्या गाद्या, नळापाशी ओळीने दात घासणारे हुबळीकर व्याही, एवढं बघून त्या विद्वानाने ताडलं की इथे खानावळीसकट लॉज चालतो. आत येऊन विचारावं? छे. विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की पट्टी वाढवता येत नाही. झाली फेरआकारणी. पट्टी तिप्पट.

कायदा वाईट नाही हं, आत्या. वाचायला तर फारच गोड. पट्टी वाढवायच्या आधी मालकाला नोटीस द्यायची, हरकत घ्यायला मुदत द्यायची, समोर बसवून त्याचं म्हणणं ऐकायचं. आणि हुकमात अगदी तसंच लिहिलंय: नोटीस नेली, ती नाकारण्यात आली, सबब मालकाला काही म्हणणं नाही असं धरण्यात येत आहे. आपल्या त्रिविक्रमकाकाला काही म्हणणं नाही! ज्याला आमटीतल्या मोहरीबद्दल, शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल, माझ्या केसांबद्दल आणि जगातल्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांबद्दल रोज सकाळी म्हणणं असतं, त्याला! आम्ही बिचारे वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि ज्यांना ऐकायचा पगार मिळतो त्यांनी एकदाही ऐकलं नाही.

नाकारण्यात आली म्हणजे काय, ते ऐक. यल्लाप्पा नावाचा शिपाई नोटीस घेऊन आला तेव्हा काका बसवनगुडीला गेलेला, आणि मी माडीवर कादंबरी लिहीत होतो. (अजून पहिलंच वाक्य चालू आहे. ते संपत नाही हाच तिचा प्रयोग आहे.) पद्माकाकूने यल्लाप्पाला ओसरीवर बसवलं, उन्हातून आलाय म्हणून ताक दिलं. दोन लोटे रिचवून त्याने विचारलं, "अम्मा, यजमानांचं नाव काय?" आता तुला ठाऊकच आहे, काकूने लग्न झाल्यापासून, सणसमारंभ सोडले तर, काकाचं नाव तोंडातून काढलेलं नाही. भाजीवाल्याशी बोलताना तो "अहल्येचे वडील", आमच्याशी बोलताना "हे", आणि फारच राग आला तर "घरातली माणसं". तेव्हा ती गप्प. मग यल्लाप्पाने नोटिशीवरचं नाव ठणठणीत वाचलं आणि "हेच का?" म्हणाला. परक्या पुरुषाच्या तोंडून नवऱ्याचं नाव ऐकून काकू लाजली, पदर सावरत आत गेली. तो थोडा थांबला (उत्तरासाठी की तिसऱ्या लोट्यासाठी, देव जाणे) आणि कागदावर शेरा मारून चालता झाला: घरच्या बाईने नाव सांगण्यास व नोटीस घेण्यास नकार दिला. त्यांच्या शास्त्रात नकार म्हणजे नोटीस पोचली, पोचली म्हणजे संधी दिली, आणि संधी दिली म्हणजे ऐकून घेतलं. माझ्या कथांना न समजणारे संपादक या कचेरीचे हुकूम एकदा वाचतील तर मला साधा सरळ लेखक म्हणून डोक्यावर घेतील.

तिप्पट पट्टीच्या मागणीचा कागद हातात पडला तेव्हा हे सारं उमगलं. काकाने लगेच तोड काढली: माडीवरची खोली भाड्याने द्यायची. माझी खोली! म्हणजे घर लॉज नाही हे सिद्ध होईपर्यंत ते लॉज होऊन बसणार. शेषगिरी नावाचा एक विमा एजंट दोनदा येऊन वितीने खोली मोजून गेला. माझ्या टेबलाच्या जागी त्याचा पलंग येणार. "कादंबरीच ना? ती काय, ओसरीवरही होईल," असं मलाच समजावून गेला.

मग आम्ही रघुपती वकिलांना गाठलं. कुणाचीही बाजू ऐकल्याशिवाय त्याच्याविरुद्ध निकाल देऊ नये, हे न्यायाचं कसं मूळ तत्त्व आहे, यावर ते चहा निवेपर्यंत बोलले. मध्ये काकाने तीनचारदा तोंड उघडलं. "तुम्ही थांबा हो, मी सांगतो." अखेर अर्ज केला, नव्याने ऐकायची विनंती केली, आणि नोटीस नाकारली नव्हती हे सांगायला एकच साक्षीदार होती, म्हणून काकूला नऊवारीत, नथ घालून कचेरीत नेली.

साहेब बरा माणूस निघाला, हुबळीकडचा, मराठी समजणारा. पण शपथ म्हणजे शपथ. साक्षीदार कोण हे आधी कागदावर यायला हवं. "तुम्ही कुणाच्या पत्नी?"

काकू म्हणाली, "यांच्या."

"यांच्या म्हणजे?"

काकूने हनुवटीने काकाकडे दाखवलं. "हे काय, हे."

"हे कागदावर कसं लिहू? नाव सांगा, अम्मा."

काकूने फरशीकडे पाहिलं. काकाला राहवेना. "अहो साहेब, मी! मी त्रिवि..."

"तुम्ही गप्प बसा. साक्षीदाराला बोलू द्या."

बघ, आत्या. ज्याचं म्हणणं ऐकलं नाही म्हणून एवढा खटाटोप, त्याला सुनावणीत बोलायची बंदी! यल्लाप्पा दारातून म्हणाला, "ताक, मजिगे, चांगलं होतं साहेब, खोटं का बोलू? पण नाव त्या दिवशीही नाही सांगितलं." आणि ते कारकुनाने लगेच लिहून घेतलं. काकूच्या गप्प बसण्याने गप्प बसण्याचाच पुरावा झाला.

मी उभा राहून रूढी, स्त्री आणि राज्ययंत्रणा या विषयावर बोलू लागलो. तेव्हा साहेबाला एकदम काहीतरी सुचलं असावं (मला थांबवायला, असं काका म्हणतो). तो म्हणाला, "आमच्याकडे बायका ओडपु घालतात, तुमच्यात उखाणा घेतात ना? सरी, ठीक आहे. उखाण्यात नाव घेऊ द्या, मी लिहून घेतो. पुढच्या मंगळवारी या." एका कचेरीत एका आयुष्यात एवढी अक्कल पुरे. काकू घरी येताना गालात हसत होती. वकील मात्र रागावले. असा दाखला त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नाही.

असो. पत्र लांबलं. आतोबांना नमस्कार.

तुझा भाचा,
प्राणेश

ता. क. एक उखाणा पाठव. मंगळवारच्या आत. काकूचा जुना आहे, पण तो हळदीकुंकवाचा. "कचेरीत काय हळदीकुंकू आहे?" म्हणते. शेवटी मीच लिहून दिला: "रिकाम्या खुर्चीवर बसलेली दुपार / आणि / त्रिविक्रमराव." वाचून तिने विचारलं, "कोण गेलं रे?" मग म्हणाली, "वन्सं असत्या तर चुटकीसरशी झालं असतं."

ता. क. दुसरा. लग्नात तुझा उखाणा संपेपर्यंत पंगत खोळंबली होती, तेव्हा मी उखाणा म्हणजे कवितेच्या पायात अडकवलेली घुंगरं असं म्हणालो होतो, आणि तेव्हापासून तू मला पत्र लिहिलेलं नाहीस. ते मत कायम आहे. यमक मात्र खणखणीत हवं. "राव" शेवटी येऊ दे, म्हणजे कारकुनाला कळेल की नाव संपलं.

ता. क. शेवटचा. साध्या पाकिटातून पाठव आणि वर माझं नाव घाल. काकाच्या नावाने रजिस्टर करू नकोस. आपला गुंडू पोस्टमन रजिस्टर असलं की दारात उभा राहून नाव वाचतो आणि "हेच का?" विचारतो. काकू त्याला ताक देईल, लाजून आत जाईल, आणि तुझा उखाणा 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन धारवाडला परत येईल.