मडगार्डावरचा गंज

रविवार, १२ फेब्रुवारी २००६
सडक अर्जुनी

आज जुनी स्कूटर घरीच रंगवली. पण एक गोष्ट डोक्यातून जाऊन नाही राहिली. बाकी गाडी शाबूत, मग गंज पुढच्या मडगार्डावर एकाच जागी काऊन? पॉलिश पेपरनं घासलं तर चक्क भोक पडलं. चिखलाचं म्हणावं, तर चिखल खालून लागतो. इथं पत्रा वरून खाल्लेला. भोक बुजवलं, प्रायमर मारला, तरी मनात तेच. तिथंच काऊन?

निळा स्प्रे मारून हात धुवायला गेलो. परत येतो तर आई नारळ अन् ओल्या कुंकवाची वाटी घेऊन उभी. बोट टेकवलंही होतं, नेमकं त्याच जागी!

"आई, रंग ओला आहे ना!"

"नवा रंग देल्ला, मंग कुंकू नाही लावाचं का?"

तेव्हा उमगलं. दर दसऱ्याला इथंच ओलं कुंकू, इथंच नारळाचं पाणी. अन् पूजेचं म्हणून आम्ही ते कधी पुसतच नाही.

तिला सांगितलं. मडगार्डाकडे पाहत म्हणाली, "मंग नारळ तिकडं दगडावर फोडू."

कुंकवाचं काही बोलली नाही.

निळ्या रंगात तिच्या बोटाचा ठसा तसाच आहे. घासायला पेपर घेतला होता, ठेवून दिला. यावेळी गंज कुठून सुरू होतो, ते पाहायचं आहे.