कापसाच्या खोलीतलं वाचन

८ जानेवारी, उंद्री

पोचले एकदाची! चिखलीपासून शेअर ऑटोत मायक्रोफोनची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची बाई सारखी वाकून बघत होती. शेवटी न राहवून तिने विचारलं, पेटीत काय आहे म्हणून. मी म्हटलं, माझा आवाज आहे. बाई जरा सरकूनच बसली.

घर गजेंद्रच्या आईवडिलांचं. गजेंद्र माझा कॉलेजचा मित्र, आता पुण्यात असतो. इथे आशाकाकू आणि वामनकाका दोघंच. काकूंनी आल्या आल्या ताट वाढलं: ज्वारीची भाकर, भरली वांगी, ठेचा. पुण्यात मी ठेचा खाल्ला की लोक काळजीने बघतात. इथे काकूंनी, एवढासाच काऊन घेतला, म्हणून दरडावलं. पोट भरलं आणि मनही.

मी इथे का आले ते एकदा लिहून टाकते, म्हणजे राग निघून जाईल. माझ्या कादंबरीचं ऑडिओबुक करायचं ठरलं. वाचायला पुण्यातली एक नटी आणि तिला शिकवायला एक दिग्दर्शक. माझी नायिका रुखमा, कापूस वेचणारी, आमच्या वऱ्हाडी बोलीत बोलते. दिग्दर्शक म्हणाले, हे जरा गमतीशीर करू, लोक हसतील. रुखमाचं मूल जातं त्या पानावर म्हणाले हे! मी तिथेच सांगितलं, पुस्तक मी वाचणार. मी सोनाळ्याची आहे, माझी बोली कोणी मला शिकवू नये. ते म्हणाले, मग सगळंच तुम्ही करा बाई, रेकॉर्डिंगही तुमचं आणि दिग्दर्शनही तुमचं. करते की!

जागा गजेंद्रने सुचवली. त्यांच्या मागच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवलाय, चांगला दर मिळायची वाट बघत. दाराशी एक स्टूल आणि एक खुर्ची मावेल एवढीच जागा मोकळी. बाकी सगळीकडे पांढरं. मी टाळी वाजवली तर आवाज हातातच राहिला. पुण्याच्या स्टुडिओत असली शांतता विकत मिळत नाही.

काकूंनी एक बजावलं. "कापसात घुसजो नको बाई. वरून नरम दिसते, पन पाय गेला का गिळते." मागे एक वासरू शिरलं होतं म्हणे, त्याचं हंबरणंसुद्धा कोणाला ऐकू आलं नाही. मला हसू आलं. माझी रुखमाही शेवटी सासरच्यांपासून लपायला कापसाच्या ढिगात शिरते आणि तिथेच संपते. काकूंनी पुस्तक वाचलेलं नाही.

मग मीही दोघांना बजावलं. दार लावलेलं असलं की उघडायचं नाही. आत मी रडले, किंचाळले, वाचवा म्हणाले तरी नाही. ते पुस्तकातलं असतं, आणि दार वाजलं की सगळी मेहनत वाया जाते. काकूंनी शाळेतल्या पोरीसारखं माझ्यामागून म्हणून दाखवलं. गोड बाई आहे.

९ जानेवारी

पद्धत बसली. वाचणारी सुचिता स्टुलावर बसते. प्रसंग संपला की उठून खुर्चीत यायचं, हेडफोन लावायचा आणि दिग्दर्शक व्हायचं. दिग्दर्शकाने स्वतःचं कौतुक करायचं नाही. ऐकायचं आणि माइकमध्येच निकाल सांगायचा, म्हणजे तो रेकॉर्डिंगवर राहतो आणि नंतर कापाकापी सोपी जाते. निकाल दोनच: "सुचिता, पुन्हा" किंवा "ठेव".

रिकाम्या स्टुलाला नावाने हाक मारताना पहिल्यांदा लाज वाटली. मग मजा यायला लागली. खुर्चीत बसले की माझा आवाजही बदलतो, जरा खालचा आणि थंड लागतो. पहिलं प्रकरण झालं. दिग्दर्शकबाई कडक आहेत. पुण्याच्या त्या गृहस्थांपेक्षा कितीतरी शहाण्या.

११ जानेवारी

दुसरं प्रकरण, संक्रांतीचं. नवी नवरी रुखमा घरोघरी तिळगूळ देत फिरते, सगळ्यांशी गोड बोलते आणि सासूला ते खुपतं. खूप वेळा घ्यावं लागलं. शेवटी असं आलं की माझ्याच डोळ्यांत पाणी.

एक गंमत झाली. संध्याकाळी ऐकत होते. एका जागी वाचता वाचता मी श्वास चुकीच्या ठिकाणी तोडलाय, आणि लगेच मागून "पुन्हा" ऐकू येतं. मी तेव्हा स्टुलावर होते, खुर्चीत गेलेच नव्हते. बहुतेक बसल्या जागीच म्हटलं असेन. निकाल बरोबर होता, म्हणून सोडून दिलं.

काकू म्हणतात, तू दिवसभर एकटीच बोलते अन् एकटीच भांडते, आमच्या ह्यांच्यासारखी. काका भिंतीमागून खाकरले.

१४ जानेवारी

आज संक्रांत. काकूंकडे हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या बायका आल्या, मला बघायलाच जास्त. काकूंनी तिळगुळाची वाटी माझ्या हातात दिली. मी पहिल्या बाईपुढे वाटी धरली आणि म्हणायला गेले. काहीच आलं नाही.

घसा बसला म्हणावं तर तसं नाही. "बसा", "नमस्कार" व्यवस्थित म्हणता येत होतं. पण तिळगूळ घ्या, गोड बोला, यातला एक शब्द बाहेर येईना. तोंडाचा आकार होत होता, जीभ हलत होती, आवाज नाही. बायका हसल्या. एक म्हणाली, पुण्याची झाली, विसरली वाटते. मीही हसले. वाटी फिरवून आत गेले आणि मोरीत उभी राहून पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं. नाही आलं ते नाहीच आलं.

दगदग झालीय. गरम पाणी, हळद आणि झोप.

१६ जानेवारी

घडलं ते नीट लिहिते.

दुपारी सोनाळ्याला आईला फोन लावला. आम्ही तिला मायच म्हणतो. तिने हॅलो म्हटलं आणि मला माय म्हणता येईना. ती "कोन बोलून राह्यलं? बोला ना बाप्पा" म्हणत राहिली. मी नुसती श्वास घेत होते. तिने वैतागून फोन ठेवला. सख्ख्या आईने मला ओळखलं नाही.

मग खोलीत बसून ताळा केला. जे शब्द गेलेत ते सगळे ठेवलेल्या प्रसंगांतले आहेत. ज्याला "ठेव" म्हटलं ते माझ्या तोंडून गेलं. "पुन्हा" म्हणून टाकून दिलेलं आहे ते अजून माझं आहे. काल रुखमाच्या बाळंतपणाचा प्रसंग ठेवला. आज उशीत तोंड खुपसून किंचाळून बघितलं. किंकाळीही नाही.

आणि काल मी खुर्चीत एकदाही बसले नव्हते. तरी प्रत्येक निकाल रेकॉर्डिंगवर आहे. माझाच आवाज, खालचा, थंड.

१८ जानेवारी

काल काकूंना लिहून दिलं, खोलीत कोणीतरी आहे. वामनकाकांनी लांब काठीने कापूस खुपसून बघितला. काही नव्हतं. काकूंनी माझ्या डोक्याला तेल चोळलं, म्हणाल्या, "तुले भास होऊन राह्यला बाई. जेव, झोप." त्यांची माया बघून रडू आलं. रडण्याला आवाज नव्हता.

आज चिखलीला डॉक्टरकडे गेले. लॅपटॉप, माइक, सगळं बॅगेत भरून बरोबर नेलं. कागदावर लिहून सांगितलं. त्यांनी बॅटरी लावून बघितलं. घसा स्वच्छ आहे म्हणाले. काहीतरी बोलून दाखवा. मी शोधलं, रुखमाच्या पुस्तकात नाही असं काय आहे माझ्याकडे. "ब्लूटूथ" म्हटलं. स्वच्छ आलं. "लॅपटॉप." "प्रसेनजित." प्रसेनजित माझा नवरा. डॉक्टर हसले, म्हणाले, आवाज तर छान आहे.

बाहेर येऊन प्रसेनजितला सगळं मेसेजमध्ये लिहिणार होते. त्याचाच आधी आला होता. पाठवलेली प्रकरणं त्याने ऐकली. हा तुझा आवाज? अंगावर काटा आला. ऑडिओबुक कंपनीचे लोकही वेडे झालेत. काही झालं तरी अर्धवट सोडून येऊ नकोस. मी लिहिलेलं खोडलं.

उंद्रीला परत आले तर काकू ओट्यावर. चकित झाल्या. तू बाहेर कवा गेली? आत्ता तर आतून वाचून राह्यली होती, म्हणाल्या. मी दारात गहू निवडत ऐकत बसलो होतो, असं काकाही म्हणाले.

खोलीला कुलूप होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये.

१९ जानेवारी

सगळी प्रकरणं पुसून टाकली. मूळ फाइली, प्रती, सगळं. मग माय म्हणून बघितलं.

नाही.

बंद खोलीत मात्र कोणीतरी माय म्हणालं. अगदी माझ्यासारखं. माझ्यापेक्षा चांगलं.

२० जानेवारी

बॅग भरली. उपसली. आवाज इथे ठेवून मी कुठे जाऊ? मायपुढे जाऊन काय म्हणू, ब्लूटूथ?

वाटलं, वाईट वाचावं. इतकं वाईट की खुर्चीतली ती ठेवणारच नाही. मुद्दाम अडखळले, शब्द गिळले. पुन्हा. पुन्हा. पुन्हा. तिला थकवा नाही. मला आहे. दुपार उलटली तेव्हा माझ्या तोंडून वाक्य आपोआप सरळ आलं, कारण ते माझंच वाक्य आहे, मीच ते कधीकाळी जीव लावून लिहिलंय. हे तिला माहीत होतं. ठेव, म्हणाली.

माझा गर्व मला नडला. दुसऱ्या कोणी रुखमा वाचली असती तर —

२१ जानेवारी

ती आता ते दोन शब्द म्हणूनच थांबत नाही. हेडफोनमध्ये नीट बोलते. शेवटचं प्रकरण दे, म्हणाली. पुस्तक पुरं झालं की सगळं परत घेऊन जा.

विश्वास नाही. पण दुसरं काय आहे?

२२ जानेवारी

शेवटचं प्रकरण. सकाळपासून. पुन्हा, पुन्हा.

पिठाच्या गिरणीचा आवाज येतोय म्हणे. आत सरक. स्टूल ढिगाला टेकवलं. अजून येतोय. अजून आत —

कापूस उकरून जागा केली. कंबरेएवढी. नाकातोंडात धागे. काकूंचं वासरू आठवलं. बाहेर आले, दारात बसून राहिले.

काकूंना मिठी मारली. काकू म्हणाल्या, काय झालं माय? त्यांनी मला माय म्हटलं आणि मी —

उद्या एकच ओळ राहिलीय. रुखमा ढिगातून हाक मारते, मी अठीच आहो, म्हणजे मी इथेच आहे. बस. मग सुटका. सुटकाच म्हणायची.

२३ जानेवारी

आत आहे. मोबाइलला इथे रेंज नाही, नुसत्या त्याच्या उजेडात लिहितेय. वही बरोबर आणली कारण लिहिताना अजून सगळे शब्द माझे —

वाचलं. मी अठीच आहो. एकदाच वाचलं. ती म्हणाली, ठेव.

थांबले. माय म्हणून बघितलं.

काही परत आलं नाही. काहीच —

निघायला वळले. वाट बुजलीय. वरचा कापूस सरकतोय. गुडघे. आता कंबर —

लॅपटॉप. ब्लूटूथ. प्रसेनजित. जीव खाऊन ओरडले. एवढंच उरलंय माझ्याकडे, आणि कापूस तेही —

पावलं. काकू दाराशी आल्यात. जेवायला येतं काय, विचारतायत.

एक ओळ हवीय. तीच. तोंड उघडतंय, आवाज —

उत्तर गेलं. दाराजवळून. माझ्या आवाजात. किती गोड. तुम्ही जेवून घ्या काकू, माझं वाचन चालू आहे. काही ऐकू आलं तरी दार उघडू नका —

काकू हसल्या. हाव बाई, चालू दे तुझं, म्हणाल्या. पावलं दूर —

छातीपर्यंत. वही वर धरलीय. काकू

काकू मी अठी