सळाख वरठीलेच राहिली

१३ नोव्हें. ७८, आंधळगाव
सप्ताह सुरू. दोन भोंगे पिंपळावर बांधले. आवाजाचं मशीन मंडपाच्या कडेले, मी बाजूले लाकडी पाटावर. करंट जमिनीत नेणारी अर्थिंगची सळाख घरीच राहिली, वरठीले. आता सायकलनं परत कोण जाते! सात दिवस निघून जातील म्हटलं. आवाज एकदम फस्क्लास. मंदिराचे पंच गोमाजी खुश.

१५ नोव्हें.
दुपारी बायांचं भजन. पहिल्या अनसूयाकाकू. असा गळा गावात दुसरा नाही. उन्हाळ्यात त्यांचे मालक वारले, तेव्हापासून आजच गायला बसल्या. खाली सारवण ओलं, पाय उघडे. माईकले ओठ लागला अन् किंचाळून मागे पडल्या. मले तेव्हाच समजलं. अर्थिंग नाही, मशीनच्या डब्यात उतरलेला करंट माईकात आला.
बाया कुजबुजल्या, वरीस नाही झालं अन् गायला आली, देवाले चाललं नाही. गोमाजी मले म्हणाले, तू माईक धरून दाखव. पाटावर उभा राहिलो, पायात रबरी चप्पल. धरला. काहीच नाही. लाकूड अन् रबर, करंट लागणारच कसा.
"मशीन ठीक आहे." माईकमध्येच बोललो, गावभर गेलं.
लाज कशी नाही वाटली लेका तुले. पुढच्या वर्षीचं काम जाईल, एवढंच डोक्यात.

१६ नोव्हें.
पहाटेच सायकल हाणली. सळाख आणली, गाडली, पाणी ओतलं. कोणी विचारलं नाही. काकू आल्या नाहीत.

१७ नोव्हें.
विहिरीवर काकूंची सून भेटली. सासू घरात गुणगुणतही नाही म्हणे. प्रायश्चित्त म्हणून एकच वेळ जेवते. मी बादली भरून तसाच... जेवण गेलं नाही.

१८ नोव्हें.
काकूंच्या घरी गेलो. सगळे धान कापायला, त्या एकट्याच. सांगून टाकलं. सळाख, पाट, चप्पल, सगळं. वाटलं शिव्या देतील. 
"म्हणजे देवानं नको नाही ना म्हटलं मले?"
नाही म्हटलं. पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मले एकटीले सांगून काय होते बापू? ज्या माईकात बोलला, त्याच्यातच सांग."
हो म्हणून आलो. 

१९ नोव्हें.
आज काला. गाव जमून राहिलं. सळाखेवर दोन लोटे पाणी टाकलं. काकू आल्या, पार मागे खांबापाशी बसल्या. माझ्याकडे पाहून नाही राहिल्या. गोमाजी म्हणतात, चाल, माईक सुरू कर.
पाटावरून उतरलो. चप्पल काढून ठेवली.