भुंग्याचा पाय

४ फेब्रुवारी
भुंग्याने पाय मोडून घेतला! कापड बेतायच्या टेबलावरून थेट उडी. पुढचा उजवा पाय. असा केकाटला की माझ्या हातातली कात्री सुटली. दादा शेजारचं घड्याळाचं दुकान उघडं टाकून धावत आला. डिसेंबरात त्याने हे कुत्र्याचं पिल्लू आणलं तेव्हा मीच म्हटलं होतं – ही नसती ब्याद कशाला? आज त्याच ब्यादेला मांडीवर घेऊन रडत बसले होते.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. हाड तुटलंय, पण फारसं हललेलं नाही. वाटा दोन. भूल देऊन पाय उघडायचा, धातूची पट्टी आणि स्क्रू बसवायचे. नाहीतर प्लास्टर, पिंजरा आणि धीर.
दादा लगेच म्हणाला, "स्क्रू." घड्याळजीला दुसरं काय सुचणार! मी प्लास्टरवर अडून बसले. एवढासा जीव, भुलीतून उठलाच नाही तर? "पिल्लू तुझं. तू ठरव," म्हणाला. प्लास्टर घातलं.

५ फेब्रुवारी
पिंजरा माझ्या मशीनशेजारी ठेवलाय. मी शिवते, तो बघतो. खोटं कशाला बोलू, मला हे फार आवडतंय.

८ फेब्रुवारी
फरशी गार, आणि बिचाऱ्याची बोटं उघडी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, उघडीच ठेवा. पण त्यांना शिवणातलं काय कळतंय! उरलेल्या अस्तराचा मोजा शिवला – आत कापूस, वर नाडी. माप घेताना हात चाटत होता. असा बसलाय मोजा की बघत राहावं. दादाने चष्म्यावरून पाहिलं. "नवरदेव झालाय अगदी."

११ फेब्रुवारी
हौसेने घात केला. सकाळी मोज्याला वास येत होता. सोडून पाहिलं तर आत ओल, बोटं फुगलेली, प्लास्टर मऊ पडलेलं. डॉक्टरीणबाईंनी मोजा उलटसुलट करून पाहिला. "शिवण सुंदर आहे हो. पण सूज दिसावी म्हणून बोटं उघडी ठेवायची होती." तोंड कुठे लपवू असं झालं.

हाड सरकलंय. असंच ठेवलं तर जुळेल, पण वाकडं. जन्मभर लंगडेल. नाहीतर ऑपरेशन. उद्या कळवा म्हणाल्या.

घरी येताना मी म्हटलं, लंगडला तर लंगडला. जिवंत तर राहील, माझ्याजवळ तर राहील. दादा एरवी माझा शब्द मोडत नाही. आज रस्त्यातच थांबला. "लंगडा नाही चालायचा, चिमणे. याला लांब चालता आलं पाहिजे." का, ते सांगेना. मला रागच आला. हा स्वतः कधी कोपऱ्यापलीकडे चालत गेलाय?

१२ फेब्रुवारी
दुपारी भुंग्या झोपेत धावत होता. चारही पायांनी, मोडक्यासकट. बघवेना. फोन करून ऑपरेशनला हो म्हटलं.

१३ फेब्रुवारी
उठला! डोळे उघडले आणि पहिल्याप्रथम दादाचा अंगठा चावला. दादा तसाच उभा राहिला, अंगठा काढून घेईना.

१ मार्च
चारही पाय टेकवतो. पट्टा लावून कोपऱ्यापर्यंत गेलो. मोजाबिजा काही नाही – कानाला खडा.

२० मार्च
सोडला तर आता माझ्या हाती लागत नाही. दुपारभर त्याच्या मागे पळून दमले. एक परकर अजून शिवायचा राहिलाय, राहू दे.

२६ मार्च
दादा लग्न करतोय. वाचनालयातल्या बाईंशी. त्यांचं घड्याळ वर्षभर दुरुस्तच होत नव्हतं, मला वाटायचं दादाचा हात गेला. त्यांची बदली झालीय, दोघं तिकडेच राहणार. डिसेंबरातच ठरलं होतं.
म्हणाला, "मी गेल्यावर तू मशीनसमोरून उठणार नाहीस. रोज तुला घराबाहेर ओढून नेणारं कुणीतरी हवं होतं. ते लंगडं असून कसं चालेल?"
मी अभिनंदन म्हटलं. मग पदर तोंडाला लावून खूप रडले. मग भुंग्याने ओढलं आणि आम्ही नदीपर्यंत गेलो.