वर्गाबाहेरचा बाक

शुक्रवार, ८ ऑगस्ट

प्रिय आक्का,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. तू गुडघ्याला जपतेस ना? भाऊजींना नमस्कार सांग.

दुकान पुन्हा उघडावं म्हणतोय. गिऱ्हाइकांनी एव्हाना दुसरा शिंपी धरला असेल, पण मशीनला तेल तर घातलं. तू म्हणशील, एकदम काय झालं? काही नाही गं. बरं, झालं.

छोटीला फिट येते म्हणून मी रोज शाळा सुटेपर्यंत तिच्या वर्गाबाहेर बाकावर बसायचो. तूच म्हणाली होतीस, "पोरीला डोळ्याआड करू नकोस." नाही केलं. काल आतून बाक सरकवल्याचे आवाज आले. धावलो. छोटी जमिनीवर! बाईंनी तिला कुशीवर वळवलं होतं, वर्गातल्या एकीने स्वेटर डोक्याखाली सारला होता, दुसरी फिट किती वेळ चालते ते घड्याळात बघत होती. बाईंनी पोरांना आधीच सगळं शिकवून ठेवलेलं. आणि मी? "सरका, सरका" म्हणून ओरडलो, तिचे हात दाबून धरले, त्यासाठीच खिशात बाळगलेला चमचा काढून तिच्या दातांत घालायला निघालो. बाईंनी माझं मनगट धरलं. "दादा, तोंडात काही घालायचं नाही. येईल ती भानावर."

आली. पण पोरं रडायला लागली ती मला बघून, आक्का. तिला बघून नाही.

संध्याकाळी छोटी म्हणाली, "बाबा, उद्यापासून तू बाहेर बसू नकोस."

मी चिडलोच. "मग तुला बघणार कोण?"

"तू बसलास की मला सारखं वाटतं, आता काहीतरी होणार. नुसत्या बाई असल्या की नाही वाटत."

आता हसू का रडू, सांग. जिच्यासाठी इतके दिवस जीव टांगणीला लावला, तिला माझीच धास्ती? हिचं म्हणणं, पोरगी खरं बोलते. बाई म्हणतात, फोन जवळ ठेवा, लागलं तर बोलावू. असतील सगळे बरोबर. पण तिला काही झालं आणि मी तिकडे काजं करत बसलेलो असलो तर? आणि काहीच झालं नाही, तर मग मी इतके दिवस तिथे काय करत होतो?

आज तिला फाटकाशी सोडलं. मागे वळूनसुद्धा न बघता मैत्रिणींकडे पळाली. खुशीत होती गं. मला बरंही वाटलं आणि रागही आला. वॉचमन म्हणाला, "काय शिंपीदादा, आज आत नाही?" म्हटलं, "काम आहे." आणि तिथेच उभा राहिलो.

तू मोठी आहेस, काहीतरी लिही. फक्त "जा, बस जाऊन बाकावर" एवढं लिहू नकोस. मी लगेच ऐकेन.

तुझा,
धाकटा