अकरा याद्या आणि चैताली

खराडी, गुरुवार

तीर्थस्वरूप रामदासमामांना सप्रेम जय भीम.

आपल्या गुडघ्याची सूज आणि मामींचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा. माझी तब्येत ठणठणीत आहे; बाकी सगळं संपलं आहे. (कागदी पत्र पाहून घाबरू नका. फोनवर आपण आधी कॉलेजचंच विचारता.)

आपल्याच इमारतीतल्या चैतालीने भांडून मला फोनवर ब्लॉक केलं, हे मामींच्या कृपेने अख्ख्या धायरीला ठाऊक आहेच. उरला मेल. सोमवारी ऑफिसातून तिला लांबलचक माफी पाठवली आणि शेवटच्या ओळीत लग्नाचं विचारून टाकलं. त्याच दुपारी आमचे दीनानाथ सर केस उगवण्याच्या जाहिरातींचे दोनशे मेल दाखवून म्हणाले, "कॉलेज सोडलंस, ठीक. हा कचरा तरी थांबव." बदनाम सर्व्हरांच्या तयार याद्या मिळतात, मामा, त्या जोडल्या की तिकडचा मेल दारातूनच परत. शहाणा माणूस एक यादी घेतो आणि आठवडाभर काही न अडवता नुसतं बघतो. पण सरांनी कॉलेजचा विषय काढला होता! मी अकरा जोडल्या. त्यातली एक अशी, की एक घर वाईट निघालं तर सगळी गल्ली वाळीत टाकते. (आपल्या घरातल्या माणसाने हे करावं! आजोबांनी मला दारात उभं केलं नसतं.)

परत जाणाऱ्या मेलला आपला मजकूर जोडता येतो. आधीचा मला फारच मिळमिळीत वाटला, म्हणून मी लिहिलं: "येथे कचरा स्वीकारला जात नाही. पुन्हा येऊ नये. कारण विचारू नये."

चैतालीच्या हडपसरच्या ऑफिसचा सर्व्हर नेमका तशाच एका वाळीत टाकलेल्या गल्लीत. मंगळवारी तिचा मेल अकरा दहाला आला, परत गेला. अकरा पंचवीसला, परत. अकरा चाळीसला, परत. आत काय लिहिलं होतं ते आता आमच्याकडे कुणालाच दिसणार नाही, कारण मेल आत आलाच नाही. बुधवारी हे कळल्यावर अकराही याद्या उपटल्या, तिला खुलासा पाठवला. उत्तरात तिने माझीच 'कचऱ्या'ची पाटी मला परत धाडली, शब्दन् शब्द.

मामींना जय भीम.

आपला हताश भाचा,
धम्मदीप

ता. क. : जिना उतरून तिला एवढंच विचाराल का, त्या तीन मेलमध्ये काय होतं? 'नाही' कुणी तीनदा पाठवत नाही. (पाठवतं का?)

ता. क. २ : अ‍ॅडमिशनच्या जाहिराती पाठवता म्हणून आपला पत्ता मी हाताने अडवला होता. तो अजून तसाच आहे.

ता. क. ३ : 'हो' असेल तर फोन करा. 'नाही' असेल तर कृपया मेलने कळवा.